प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल?

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर थोडा वेळ उभं राहा, सहाचा वर्ग डोळ्यांपुढून पळत राहतो. एमएच ३६. दुचाकीवर तोच, धानाच्या ट्रॅक्टरवर तोच, नवरदेवाच्या कारवर तोच आणि ती कार अडवणाऱ्या पोलिसांच्या गाडीवरही तोच. इतरांना हा नुसता वाहन क्रमांक वाटतो. आमच्याकडचा भरतीची तयारी करणारा मुलगा मात्र त्याला आधी ‘सहाचा वर्ग’ म्हणून ओळखतो आणि मग गाडी कोणाची ते बघतो. शेजारच्या गोंदियाची एमएच ३५ आली की तो ‘वर्ग वजा एक’ असं पुटपुटतो. नागपूर ३१, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६. अख्खा पूर्व विदर्भ त्याच्यासाठी एकेकाने वाढणारी संख्यामालिका आहे. वरातीत सगळे डीजेपुढे नाचत असतात, तेव्हा हा उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटांत मूळ संख्या शोधत असतो. नवरीकडचे विचारतात, “मुलगा गप्प गप्प का आहे?” घरचे अभिमानाने सांगतात, “तयारी करते.”

तयारी हा आमच्याकडे व्यवसाय आहे. शेती, नोकरी, धंदा आणि तयारी. या व्यवसायाचं भांडवल म्हणजे अभ्यासिकेतली एक खुर्ची, पाण्याची बाटली, चालू घडामोडींचं मासिक आणि बुद्धिमत्ता चाचणीचं एक जाडजूड पुस्तक. त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण हमखास संख्यामालिकेचं असतं, म्हणून ते सर्वांत मळलेलं असतं. शेवटची प्रकरणं दुकानातून आणली तशीच कोरी राहतात, कारण तिथं पोचेपर्यंत नवी जाहिरात निघते आणि पोरगं पुन्हा पहिल्या पानावर येतं.

संख्यामालिकेशी आमची गाठ लहानपणीच पडते. शाळेतल्या पहिल्याच शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते, तिथं ती पहिल्यांदा भेटते. पुढच्या शिष्यवृत्तीत ती पुन्हा येते, एनएमएमएस परीक्षेला येते. मग पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, ग्रामसेवक, रेल्वे, बँक. दार कुठलंही ठोठावा, उघडायला तीच. हे सगळं टाळून शिक्षक व्हावं म्हटलं, तर तिथंही आता अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आहे. म्हणजे मालिका सोडवून सुटका झालेला माणूस पुढची पस्तीस वर्षं दुसऱ्यांना मालिका शिकवणार. २, ६, १२, २०, ३०, पुढे काय? ४२. पुढे काय? ५६. पुढे काय? सेवानिवृत्ती.

पोलीस भरतीचं तर विशेष आहे. पहाटे साडेचारला साकोली, लाखनी, पवनी, मोहाडी, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर मुलं-मुली पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण. ते पार केलं की लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. शंभर प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, नियम ओळखायचा, उत्तर काढायचं, गोल काळा करायचा आणि शेजारच्याने कुठला गोल काळा केला ते बघायचं नाही.

आता प्रश्न बघा. ७, २६, ६३, १२४, प्रश्नचिन्ह. दोनचा घन वजा एक, तीनचा घन वजा एक, चारचा, पाचचा, म्हणून सहाचा घन वजा एक, २१५. उत्तर बरोबर. पण पोलीस शिपायाला हे कशासाठी लागत असावं, याचा मी खूप विचार केला. शेवटी एकच शक्यता दिसली. एखादा चोर असा असणार, की जो पहिली चोरी ७ नंबरच्या घरात करतो, दुसरी २६ मध्ये, तिसरी ६३ मध्ये आणि चौथी १२४ मध्ये. अशा वेळी आपला शिपाई २१५ नंबरच्या घराबाहेर अंधारात आधीच दबा धरून बसलेला असला पाहिजे. अडचण एवढीच, की आमच्याकडच्या बहुतेक गावांत २१५ नंबरचं घर सापडेपर्यंत उजाडतं, आणि चोरानेही अभ्यासिका लावलेली असावी लागते.

विनोद बाजूला ठेवू. मालिका ओळखणं ही खरीच बुद्धी आहे, आणि ती आमच्या मातीत मुरलेली आहे. धानाचा रोवणा (लावणी) करणाऱ्या बाईला बांधीत कुठे रोप सुटलं ते वाकल्या वाकल्या दिसतं, तसंच मालिकेतलं सुटलेलं पद पाहणाऱ्याला दिसायला हवं, एवढीच या प्रश्नाची मूळ अपेक्षा आहे. पण अपेक्षा आणि अभ्यासिका यांच्यामध्ये क्लास येतो, आणि क्लास आला की ट्रिक येते.

अभ्यासिकेत काही दिवस बसलं, की सोडवणाऱ्यांचे पंथ लक्षात येतात. पहिला पंथ फरकवाल्यांचा. यांना कुठल्याही दोन संख्या शेजारी दिसल्या की ते वजाबाकी करतात. फरक जुळला नाही तर फरकाचा फरक काढतात, तोही जुळला नाही तर फरकाच्या फरकाचा फरक. कागदावर उलटा त्रिकोण तयार होतो. त्याच्या टोकाशी एकच संख्या उरते, आणि तिच्याकडे बघून “काहीतरी चुकलं जी” म्हणत हे पुन्हा वरून सुरुवात करतात. किराणा दुकानात वीस रुपये सुटे परत आले तरी यांची नजर मागच्या वेळच्या सुट्यांशी फरक काढत असते.

दुसरा पंथ वर्ग-घनवाल्यांचा. यांना तीसपर्यंतचे वर्ग आणि वीसपर्यंतचे घन पाठ असतात, आणि पाठ असल्याचा ताठाही असतो. ही मंडळी फरक काढणाऱ्यांना खालच्या दर्जाची समजतात. ६५ दिसले की ‘आठचा वर्ग अधिक एक’ म्हणतील, दुसरा लगेच ‘चारचा घन अधिक एक’ म्हणेल. दोघंही बरोबर असतात, आणि त्या वादात ५४ सेकंद निघून जातात.

तिसरा पंथ एकाआडवाल्यांचा. यांचा ठाम विश्वास आहे की जगात एकेरी मालिका नसतेच. प्रत्येक मालिकेच्या पोटात दोन असतात, एक विषम स्थानांची, दुसरी सम स्थानांची. मालिकेत तीनच पदं दिलेली असली तरी हे त्यातून दोन मालिका काढून दाखवतात.

चौथा पंथ सर्वांत व्यवहारी. हे मालिकेकडे बघतच नाहीत, थेट पर्यायांकडे जातात. चारपैकी दोन पर्याय हास्यास्पद असतात, उरलेल्या दोनांत एक मोहात पाडायला ठेवलेला असतो, म्हणून मोह पडेल तो सोडायचा आणि दुसरा लिहायचा. यांना गणित येत नाही, पण पेपर काढणारा माणूस कळतो. माझ्या निरीक्षणात निवड यादीत यांची नावं जरा जास्तच दिसतात, आणि ते अगदीच अन्यायाचं नाही.

पाचवा पंथ प्रत्येक प्रश्नाला ‘सी’ पर्याय लिहिणाऱ्या ‘सी’वाल्यांचा. त्यांच्याबद्दल काही लिहायचं कारण नाही. ते देवावर आहेत.

या पंथांचं खरं युद्ध परीक्षेनंतर, उत्तरतालिका लागली की पेटतं. समजा, प्रश्न आला: ५, ७, ११, प्रश्नचिन्ह. पर्याय १३, १७, १९ आणि २३. तालिकेत १३, कारण या मूळ संख्या आहेत. फरकवाला उसळतो: “काऊन? फरक दोन, चार, पुढचा सहा. सतरा!” वर्गवाला म्हणतो, “फरक दोन, चार, आठ. दुप्पट होते. एकोणीस!” तिघांचेही नियम निर्दोष आहेत. मग हरकती नोंदवायच्या. अनेक परीक्षांत हरकतीलाही शुल्क असतं. म्हणजे बुद्धी सिद्ध करायला पैसे भरले, ती नाकारली गेली म्हणून पैसे भरले, आणि शेवटी प्रश्न रद्द होऊन सगळ्यांनाच गुण मिळाले, ‘सी’वाल्यांनाही.

इथं या प्रश्नाचं खरं गुपित बाहेर येतं. पुढचं पद संख्यांमध्ये नसतं, पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात असतं. ही निव्वळ नापासांची तक्रार नाही, गणितही हेच सांगतं. तुम्हाला हव्या तितक्या संख्या द्या आणि पुढची संख्या मनात येईल ती घ्या, अगदी आपला मोबाइल नंबर घ्या; त्या सगळ्यांतून बिनचूक जाणारं एक बहुपदी सूत्र नेहमी तयार करता येतं. म्हणजे २, ४, ६, ८ च्या पुढे १० च का, या प्रश्नाला ‘कारण सगळ्यांना तसंच वाटतं’ यापलीकडे उत्तर नाही. विटगेनस्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाने एक विद्यार्थी कल्पिला होता. त्याला दोन-दोन मिळवत जा असं सांगितलं, तो हजारपर्यंत नीट गेला, आणि पुढे १००४, १००८ असं लिहू लागला. वर म्हणतो, मी तर तेच करतोय जे आधी करत होतो! त्याला खोटं कसं ठरवायचं, यावर पंडितांनी ग्रंथ लिहिले. आमच्या अभ्यासिकेत असता तर तो एकाआडवाल्यांत बसला असता आणि क्लासच्या सरांनी त्याला शेवटच्या बाकावर हलवलं असतं.

याहून साधं उदाहरण घ्या. १, २, ४, ८, १६, पुढे? लहान मूलही ३२ म्हणेल. आता एक वर्तुळ काढा. त्यावर एक बिंदू असेल तर वर्तुळाचा एकच भाग. दोन बिंदू घेऊन ते रेषेने जोडा, दोन भाग. तीन बिंदू एकमेकांना जोडा, चार भाग. चार बिंदूंना आठ, पाचांना सोळा. सहा बिंदू कसेही घ्या, सगळ्या जोड्या जोडा आणि भाग मोजा. जास्तीत जास्त ३१ निघतात. पाच पायऱ्या इमानेइतबारे दुप्पट होणारी मालिका सहाव्या पायरीला दगा देते. अमेरिकेतल्या नील स्लोन यांनी १९६४ पासून अशा मालिका गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यांच्या संग्रहात आज साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. त्या संग्रहाला आमची पाच पदं दिली तर तो एक उत्तर देत नाही, यादी देतो. आमच्याकडे मात्र यादी दिली की उत्तरपत्रिका बाद.

मग हा खेळ भरतीत शिरला कसा? त्याचा जन्मच भरतीत झालेला आहे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो पोरं फौजेत यायला लागली आणि कोणाला कुठे लावायचं कळेना. रॉबर्ट यर्क्स आणि त्यांच्या सोबतच्या मानसशास्त्रज्ञांनी ‘आर्मी अल्फा’ नावाची सामूहिक बुद्धिमत्ता चाचणी तयार केली. त्यात आठ भाग होते, आणि त्यातला एक संख्यामालिका पुरी करण्याचा. वाचता न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’ नावाची चित्रांची वेगळी चाचणी होती. दोन्ही मिळून सुमारे १७ लाख सैनिकांची परीक्षा झाली. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, मालिका मात्र घरी गेली नाही. ती शाळांत शिरली, कंपन्यांत शिरली आणि फिरत फिरत वैनगंगेच्या काठी आली. त्याआधी १९०५ साली फ्रान्समध्ये बिने यांनी केलेली मुलांची बुद्धिमापन चाचणी पुढे आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवून घेतली. बिने यांचा हेतू कोणत्या मुलाला मदतीची गरज आहे ते शोधण्याचा होता. आपण तिचा उपयोग कोणत्या मुलाला बाहेर काढायचं ते शोधायला केला. प्रश्न तोच, प्रश्नचिन्ह तेच, फक्त पेपर काढणाऱ्याच्या मनातला हेतू बदलला.

या सगळ्या गोंधळात मला नेहमी एक मराठी शिक्षक आठवतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले. त्यांनी संख्यांवर जन्मभर निरपेक्ष प्रेम केलं. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. ते उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तराशी पुन्हा तेच करा. गोंदिया आमच्यातून वेगळा झाला ते १९९९ साल घेऊ. ९९९१ वजा १९९९ म्हणजे ७९९२. पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. इथं पोचलात की संपलं. ६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४च येतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच पोचता. जिल्ह्याचं विभाजन करा नाहीतर करू नका, शेवट एकच.

कापरेकरांकडे मोठी पदवी नव्हती, म्हणून इथल्या बऱ्याच विद्वानांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या देखण्या मालिकेला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून. आता कल्पना करा, की हे गृहस्थ आजच्या पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला बसलेत. समोर मालिका आहे. कापरेकर सर तिच्याकडे प्रेमाने बघतात, तिला उलटी करतात, तिच्या अंकांची बेरीज करतात, तिचं नाव देवळालीवरून ठेवावं की नाशिकवरून याचा विचार करतात. ५४ सेकंद. ५५ सेकंद. घंटा. ९९ प्रश्न बाकी. कापरेकर सर अपात्र.

अभ्यासिकेतला नियम बाहेरच्या जगाला लावला की काय होतं, त्याचा एक प्रसंग सांगतो. लाखांदूरकडच्या एका टपरीवर चहा घेत होतो. भरतीचा एक मुलगा कागदावर काहीतरी खरडत बसला होता. शेजारी आबाजी, सत्तरी ओलांडलेले, धोतर गुडघ्यापर्यंत.

आबाजी म्हणाले, “का गा, तू मोठा हुशार म्हनते सारे. हे सोडव. १८१५, १८६८, १९४०, २०४०, २१८३. पुढं?”

मुलाचे डोळे चमकले. त्याने चटचट फरक काढले. ५३, ७२, १००, १४३. फरकाचा फरक १९, २८, ४३. त्याचाही फरक ९, १५. “आबाजी, नऊ, पंधरा, पुढचा एकवीस. म्हनजे त्रेचाळीस अधिक एकवीस चौसष्ट, आन् एकशे त्रेचाळीस अधिक चौसष्ट दोनशे सात. उत्तर २३९०!”

“चूक. २३००.”

मुलगा गोंधळला. “अन् त्याच्या पुढं?”

“२३६९.”

मुलाने पुन्हा फरक काढले. ११७, ६९. वाढत चाललेला फरक अचानक उतरायला लागला होता. “आबाजी, हे मालिकाच नाई. कायचा नियम हाय याले?”

“नियम दिल्लीत ठरते, बापू,” आबाजी म्हणाले. “साधारण धानाचा हमीभाव हाय तो. २०१९ पासून २०२५ पर्यंतचा.”

मुलाने मान खाली घातली. आबाजींना दया आली असावी, कारण त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला नाही. आधी चहा सांगितला. मग धानाच्या बोनसची मालिका सांगितली. एका काळी क्विंटलमागं ७०० रुपये, मग एका वर्षी काहीच नाही, मग हेक्टरी १५,०००, मग हेक्टरी २०,०००. या मालिकेत संख्याच नव्हे, मापही मधेच बदलतं. क्विंटलवर सुरू झालेली मालिका हेक्टरवर संपते. असा प्रश्न पेपरात आला असता तर हरकतींचा पाऊस पडला असता. शेतकऱ्याला हरकत नोंदवायची लिंक नाही.

आणि मालिकांचा राजा म्हणाल तर पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे सुधारित अंदाज सुमारे ७,७७८ कोटी, त्याच्याही पुढे सुमारे १८,४९४ कोटी. फरकवाल्याला द्या, तो रात्रभर उलटा त्रिकोण काढत बसेल. गुणोत्तरवाला मात्र खूश होईल. पहिल्या उडीत आकडा एकवीस पट झाला, दुसऱ्या उडीत अडीच पटही नाही. म्हणजे गुणोत्तर झपाट्याने उतरतंय! आशावाद कसा असावा, हे बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकाकडून शिकावं.

परीक्षेच्या आतही नियम बदलतात, हे आम्हाला २०२३च्या तलाठी भरतीने शिकवलं. राज्यभरातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले. अर्जाचं शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये, राखीवला ९००. (फरक १००, पुढचं पद सांगू नका, कोणीतरी ऐकेल.) पेपर २०० गुणांचा. एवढी माणसं एका दिवशी संगणकापुढे बसवता येत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर झाले. कोणाचा सोपा, कोणाचा अवघड. अन्याय नको म्हणून सूत्र लावून सगळ्यांचे गुण एका पातळीवर आणले गेले. अवघड सत्रवाल्यांचे वाढले, सोप्या सत्रवाल्यांचे घटले. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली, तेव्हा सर्वांत वरच्या उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण होते.

आमच्या अभ्यासिकेत त्या दिवशी शांतता पसरली. सगळे पंथ एकत्र आले. फरकवाल्याने २१४ वजा २०० बरोबर १४ काढले आणि थांबला. वर्गवाल्याने २१४ कुठल्या वर्गाजवळ येतात ते पाहिलं. २१६ हा सहाचा घन, म्हणून घन वजा दोन. एकाआडवाला म्हणाला, यात दोन परीक्षा मिसळलेल्या आहेत, आणि पहिल्यांदाच तो खरं बोलला. पर्यायवाल्याने विचारलं, “२१४ हा पर्याय होता का?” ‘सी’वाला तेवढा शांत होता. देवाला मर्यादा नसते हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. या हिशेबाला सांख्यिकीत आधार आहे, आणि अनेक सत्रांच्या परीक्षेत तसं काही करावंच लागतं. पण छेदापेक्षा मोठा अंश पाहिल्यावर गावातल्या बापाला ते समजावून सांगणं ही वेगळीच मौखिक परीक्षा होती.

गंमत इथपर्यंतच. एक मालिका अशीही आहे, की जिचा नियम प्रत्येकाला माहीत असतो आणि ती सोडवायला कोणी तयार नसतं. १९, २०, २१, २२, २३. फरक कायम एक. या मालिकेचं शेवटचं पद जाहिरातीतच छापलेलं असतं. पोलीस शिपायाला खुल्या गटात २८, राखीवला ३३. जाहिरात कधी निघेल याला नियम नाही, वयाला मात्र पक्का आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी तीसपर्यंतचे वर्ग आणि वीसपर्यंतचे घन पाठ असलेला मुलगा जेव्हा गावी परततो, तेव्हा बांधीत त्याला विचारणारं कोणी नसतं. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. जागा शंभर आणि पोरं दहा हजार असतील तर नऊ हजार नऊशे जणांना कुठल्यातरी प्रश्नावर बाहेर काढावंच लागतं, आणि ते काम ७, २६, ६३, १२४ बिनबोभाट करून देतात. हाकलणाऱ्याचं नाव येत नाही, सारा दोष मुलाच्या वजाबाकीवर जातो.

म्हणून माझं मत साधं आहे. संख्यामालिका वाईट नाही, डोक्याला चांगली आहे, शाळेत तर जरूर असावी, आणि कापरेकर सरांच्या चालीने सावकाश शिकवावी. तिच्यावरून माणसाची अक्कल मोजणं मात्र थांबवावं. पेपर काढणाऱ्यांना हात जोडून तीन विनंत्या. तीन पदं देऊन चौथं विचारू नका, निदान पाच-सहा पदं द्या. प्रत्येक प्रश्न चार वेगळ्या डोक्यांकडून सोडवून घ्या, आणि दोघांचे दोन बरोबर नियम निघाले तर तो प्रश्न पेपरात न घालता वर्गात चर्चेला घ्या. आणि उत्तरतालिकेत नुसतं उत्तर छापू नका, नियमही छापा. तुमच्या मनात काय होतं ते आम्हालाही कळू द्या.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच सांगणं. ५४ सेकंदांत नियम सुचला नाही तर खूण करा आणि पुढे जा. मराठी व्याकरणाच्या प्रश्नालाही तेवढेच गुण असतात, आणि समास सोडवायला फरकाचा फरक काढावा लागत नाही.